जाड पिक्सेल फॉन्ट शिकताना: आठ घरांचा हिशोब

पिक्सेल फॉन्ट, म्हणजे चौकोनी ठिपके भरून केलेली जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखी अक्षरं, शिकायचा असेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी चौकटीची वही घ्या. आठ बाय आठ घरं आखा आणि त्यात एक अक्षर बसवून बघा. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम कन्सोलचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा होता, म्हणजे आठ घरांच्या मापाने एका ओळीत ३२ अक्षरं. आर्केडमधली, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेम-यंत्रांवरची ठसठशीत अक्षरंही याच मापाची. त्यातही अक्षराला सातच घरं मिळतात, आठवं शेजारच्यापासून अंतर राखायला.

उभा दांडा दोन घरांचा आणि आडवी रेघ एका घराची, यावर या अक्षरांचा सगळा जाडपणा उभा आहे. जुन्या टीव्हीवर एका पिक्सेलची उभी रेघ पुसट व्हायची, तिच्या कडेला भलतेच रंग दिसायचे. दोन घरांची रेघ टिकायची.

इंग्रजी 'एम'वर माझे तीन दिवस गेले. दोन्ही बाजूंचे दांडे दोन-दोन घरांचे, मधे उरली तीन. शेवटी जमलं ते असं: पहिल्या ओळीत ती तिन्ही मोकळी, दुसरीत फक्त मधलं मोकळं, तिसरी-चौथी पूर्ण भरलेली, पाचवीत मधलं एकच भरलेलं, खाली नुसते दांडे. वही हातभर लांब धरली आणि 'एम' स्वच्छ दिसला. तेव्हापासून मी आधी पांढरी घरं ठरवतो.

गेमसाठी करत असाल तर सुरुवात अंकांपासून करा. सगळे एकाच रुंदीचे हवेत, नाहीतर स्कोअर वाढताना आकडे हलतात. आणि फॉन्टची साइज कायम आठच्या पटीत ठेवा: १६, २४, ३२. मी एकदा मेन्यूला २० दिली आणि साऱ्या कडा धुरकटल्या. गेम इंजिनमधलं अँटी-एलियसिंग, म्हणजे कडा मऊ करणारी सोय, तीही बंद करा.

अभ्यासाला 'प्रेस स्टार्ट टूपी' हा फॉन्ट घ्या. नामको या जपानी गेम कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या आर्केड अक्षरांवर तो बेतलाय. ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली असल्यामुळे उघडून एकेक अक्षर तपासता येतं.

देवनागरीला मात्र आठ घरं पुरत नाहीत. शिरोरेघेला एक ओळ जाते, वर वेलांटी नि मात्रांना दोन-तीन, खाली उकाराला तेवढ्याच. 'कीर्ती' लिहून बघा, रफार आणि वेलांटी एकाच जागेवर हक्क सांगतात. म्हणून मी सोळा घरांवर आलो. सध्या 'राष्ट्र' चाललंय. 'ट'खालचा 'र' दोन ओळींत उमटत नाही, आणि तीन दिल्या तर मजकुराच्या खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन भिडतो.