सोलापुरात श्रावणाची कविता शिकवताना

बालकवींची ‘श्रावणमासी’ शिकवताना इथली अडचण हवामानाची. सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात, त्यामुळे श्रावणातली हिरवळ मुलांना पुस्तकीच वाटते. शब्दार्थ आधी फळ्यावर लिहू नका. मुलं ते पाठ करतात, चित्र दिसतच नाही. डोळे मिटायला सांगून कविता दोनदा चालीत म्हणा. मग 10 मिनिटं मैदानात न्या. प्रत्येकानं तीन नोंदी करायच्या: दिसलेली, ऐकलेली, वास आलेली. ‘सुंदर’ शब्दाला बंदी (नाहीतर सगळ्या वह्या सारख्याच!). वर्गात परतल्यावर कवितेतले रंगाचे आणि हालचालीचे शब्द वेगवेगळ्या खडूंनी लिहून घ्या. शेवटी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर किंवा बाभळीवर चार ओळींची कविता लिहायला सांगा. यमक जुळलं नाही तरी चालेल.