सांबार एकदम पेरू नका

कोजागिरी उलटली, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं की नागपुरात जो तो परसात धने टाकून मोकळा होतो. मग डिसेंबरात सगळा सांबार (म्हणजे कोथिंबीर) एकाच वेळी कापणीला येतो, आठवडाभर घरी वड्याच तळल्या जातात, आणि पुढच्या पंधरवड्यात भरतावर भुरभुरायला काडी शिल्लक नसते. वाफ्याचे चार तुकडे करा. दर 10-12 दिवसांनी एकेक पेरा. मेथी-पालकालाही हाच हिशेब.

धने अख्खे पेरू नका. लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, सावलीत सुकवून अर्धा इंच खोल टाका. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात, त्यामुळे चौथ्याच दिवशी माती उकरून बघू नका. कापणी 40-45 दिवसांनी. मेथीला एवढा दम लागत नाही, महिन्याच्या आत भाजीला येते.

खरा घोटाळा पाण्यात होतो. आपली काळी माती वरून भेगाळलेली दिसते, पण बोटभर खाली चांगली ओल असते. आपण वरवर पाहून पाणी सोडतो, मग रोपं पिवळी पडतात. आधी बोट खुपसून पाहा. वाफा वीतभर उंच घ्या. शेणखत पुरतं कुजलेलंच हवं, कच्च्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. पारा 10 अंशांखाली जाणार असेल त्या संध्याकाळी मात्र हलकं पाणी द्या.

आभाळ आलं की मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पडतो. 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घालून फवारा. फवारलेली भाजी चार-पाच दिवस तोडू नका.

वड्यांसाठी सांबार धुतल्यावर कापडावर पसरून पार कोरडा करा, मगच चिरा. ओला राहिला की सारणाला पाणी सुटतं, वडी कढईत फुटते आणि तीळ, खसखस, सुकं खोबरं सगळं तेलात जातं. कुंपणाला पावसाळ्यात तूर लावली असेल तर आता सोले (तुरीचे ओले हिरवे दाणे) निघतील. निम्मे तव्यावर भाजून जाडसर वाटा, निम्मे अख्खे ठेवा. वांग्याच्या फोडी आणि लसणाची पात घालून रस्सा करा. वाटलेल्या सोल्यांनीच तो दाट होतो, दाण्याचा कूट घालायची गरज नाही (आमच्याकडे यावर दरवर्षी वाद होतो).

चौथा तुकडा कापू नका. फेब्रुवारीत फुलोरा येईल, मधमाश्या येतील, आणि पुढच्या कोजागिरीला धने घरचेच असतील.