अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास कसा मोजावा

नवजात कक्षातून घरी आणलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला, सर्दी झाली तर ती नाकापुरतीच राहील असे धरून चालू नये. मोठ्या माणसांना दोन-चार दिवस शिंका आणून निघून जाणारा आरएसव्ही हा विषाणू अशा बाळाच्या अगदी बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरतो. तेथे सूज येते, चिकट स्राव साचतो आणि आधीच अरुंद असलेली वाट बुजू लागते. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जातात आणि सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला तो काळ मिळालेलाच नसतो.

घरातले सगळे खोकला आणि ताप यांकडे लक्ष ठेवतात; मात्र अशा बाळात ही दोन्ही लक्षणे नसताना केवळ दूध ओढणे मंदावू शकते किंवा श्वास मध्येच थांबू शकतो. म्हणून श्वास मोजायला शिकावे, आणि तेही बाळ बरे असतानाच, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहिलेला असतो.

बाळ शांत किंवा झोपलेले असताना झबले छातीपर्यंत वर सरकवावे, उजेड पुरेसा असावा आणि नजर पोटावर ठेवावी. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे फसवते, कारण या बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. काही श्वास भराभर होतात आणि मग पाच-दहा सेकंद सारे स्तब्ध असते. (पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते, पण रंग न बदलता श्वास आपोआप सुरू झाला तर तो या बाळांच्या घडणीचाच भाग असतो.) दोन महिन्यांच्या आतील बाळात आकडा ६० किंवा अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आला, तर पुन्हा मोजावे; दुसऱ्यांदाही तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आकडा बरा दिसला तरी बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला खोल आत ओढला जात असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडणे म्हणतात, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, बाळाचे दूध पिणे नेहमीच्या निम्म्यावर आले असेल, जीभ किंवा हिरड्या निळसर दिसत असतील किंवा श्वास २० सेकंद थांबला असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. थांबलेला श्वास सुरू होण्यासाठी तळपाय किंवा पाठ हलकेच चोळावी. नेताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, तोंड-नाक मोकळे ठेवावे आणि धाप लागलेली असताना चमच्याने काहीही पाजू नये.

हा आजार बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोर धरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मिळालेल्या दिलाशावर विसंबू नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. रुग्णालयात खरा आधार प्राणवायूचा आणि नळीने दिलेल्या दुधाचा असतो. घरी खोकल्याचे औषध व मध देऊ नये. नाक चोंदले असेल तर दूध पाजण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेले सलाइनचे थेंब घालावेत.

बाळाला धुरी देण्याची रीत प्रेमापोटीच चालत आली आहे, परंतु ओव्याचा असो वा उदबत्तीचा, धूर या फुप्फुसांना सोसत नाही. नाकात तेल घालणेही तितकेच घातक, कारण ते थेट फुप्फुसात उतरू शकते. बारसे थोडे लांबवावे. ते घरच्यांपुरतेच केले तर उत्तम. बालवाडीतून आलेल्या दादा-ताईने साबणाने हात धुऊन कपडे बदलल्याशिवाय बाळाजवळ येऊ नये, आणि सर्दी झालेल्या पाहुण्याने, तो सख्खा मामा असला तरी, दारातूनच पाहावे. आईलाच सर्दी झाली तर तिने मास्क लावून अंगावरचे दूध चालू ठेवावे.

गरोदरपणात आईला देण्याची आरएसव्हीची लस अमेरिकेत ३२ ते ३६ आठवड्यांदरम्यान देतात. तिसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाला अर्थातच तिचा लाभ मिळत नाही. अशा बाळासाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन असते: १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅलिव्हिझुमॅब साथीच्या काळात दरमहा द्यावे लागे, तर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले निर्सेव्हिमॅब एका हंगामासाठी एकदाच. आपल्या बाळाला असे इंजेक्शन देता येईल का, हे घरी सोडण्यापूर्वीच नवजात तज्ज्ञांना विचारावे. नेहमीच्या लसींच्या तारखा मात्र प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच मोजाव्यात. दिवस अपुरे होते म्हणून त्या पुढे ढकलू नयेत.