सरकारी एआयच्या पैशाचा माग कसा काढावा: नागपुरातल्या अभ्यासकांसाठी

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, पण ती बंधनकारक नाहीत. मग सरकारी खात्याने विकत घेतलेली प्रणाली किती अचूक हवी, ती चुकली तर दंड कोणाला, लोकांची माहिती कोणाच्या ताब्यात, हे ठरतं कुठे? बहुतेक वेळा निविदेत आणि करारनाम्यात. म्हणून एआय नियमनावर काम करणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याने धोरणपत्रांआधी पैशाचे कागद वाचावेत.

त्यासाठी नागपूर सोयीचं आहे. पोलिसांसाठी एआय प्रणाली उभारणारी ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी २०२४ मध्ये इथेच स्थापन झाली. महापालिकेच्या बसगाड्यांमध्ये अपघात टाळण्यासाठी ‘आयरास्ते’ प्रकल्प २०२१ मध्ये इथे सुरू झाला. महालेखापालांचं लेखापरीक्षा कार्यालय, राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, सगळं शहरातच.

सुरुवात एकाच प्रणालीपासून करा. ‘महाराष्ट्रातला एआय खर्च’ हा विषय घेतला तर हाती काही लागत नाही, कारण अर्थसंकल्पात एआय नावाचं लेखाशीर्ष (खर्च ज्याखाली नोंदतात ते शीर्षक) शोधून सगळा खर्च सापडेल अशी मांडणीच नसते. तो खर्च संगणक खर्च, व्यावसायिक सेवा, यंत्रसामग्री, सहायक अनुदान अशा उद्दिष्ट शीर्षांखाली विखुरलेला असतो. आधी पैसा कोणत्या तिजोरीतून निघतो ते ठरवा. पोलिसांचा महसुली खर्च प्रधान शीर्ष २०५५ खाली आणि भांडवली खर्च ४०५५ खाली दिसतो. महापालिकेचा अर्थसंकल्प वेगळा, तो राज्याच्या पुस्तकांत शोधू नका. स्मार्ट सिटीसाठी काढलेली कंपनी असेल तर तिसरीच वाट: कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिचे ताळेबंद पाहता येतात. सरकारी कंपनीचं लेखापरीक्षण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३ नुसार देशाच्या महालेखापरीक्षकांच्या (कॅग) देखरेखीखाली होतं आणि राज्याच्या कंपनीचा वार्षिक अहवाल कलम ३९५ नुसार विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. तो ठेवला गेला का, कधी, हेसुद्धा नोंदवा.

आता आकडे. इथे सर्वाधिक चुका होतात. मंत्रिमंडळाने मंजूर केलेली रक्कम, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे चार वेगळे आकडे आहेत. केंद्राच्या इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मध्ये १०,३७१.९२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, ती पाच वर्षांसाठी. २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज होता ५५१.७५ कोटी आणि सुधारित अंदाज १७३ कोटी. पहिला आकडा घेऊन ‘सरकारने दहा हजार कोटी खर्च केले’ असं लिहिलं की प्रबंध तिथेच कोसळतो. तक्त्यात चारही रकाने ठेवा आणि कागद मिळाला नसेल तो रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका.

नवी योजना मार्चच्या पुस्तकात नसेल तर पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च, पाहा. डिसेंबरमध्ये नागपूरच्या विधान भवनात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा त्या मांडल्या जातात. २०२४ च्या अधिवेशनात त्या ३३ हजार कोटींहून अधिक होत्या. पुरवणी मागणीसोबत कारण दोन-चार ओळींत दिलेलं असतं. मूळ प्रस्तावात नसलेला हेतू कधी कधी तिथेच पहिल्यांदा लिहिलेला आढळतो.

पुढचा टप्पा शासन निर्णयांचा. राज्याच्या शासन निर्णय संकेतस्थळावर फक्त ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ टाकून थांबू नका. ‘संगणकीय प्रणाली’, ‘सीसीटीव्ही’, ‘सल्लागार नियुक्ती’, ‘प्रशासकीय मान्यता’ हे शब्दही टाका. स्कॅन केलेल्या प्रतीत शब्दशोध चालत नाही, त्यामुळे विभाग आणि तारखांचा टप्पा निवडून याद्या डोळ्यांनी वाचाव्या लागतात. निर्णयाच्या शेवटी खर्च कोणत्या लेखाशीर्षातून भागवायचा ते दिलेलं असतं. ते घेऊन पुन्हा अर्थसंकल्पाकडे जा, दोन्ही जुळले की दुवा पक्का.

मग महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर, मूळ निविदा, निविदापूर्व प्रश्नांची उत्तरं आणि सगळी शुद्धिपत्रकं उतरवून घ्या. शुद्धिपत्रक वगळणं महागात पडतं, कारण अचूकतेची अट किंवा दंडाची मर्यादा तिथे बदललेली असू शकते. राज्याच्या खरेदीला केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ लावणं ही आणखी एक नेहमीची चूक. राज्य कार्यालयांसाठी १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आणि तिच्यातल्या सुधारणा पाहायच्या असतात.

करारनाम्यात सर्वांत आधी सेवा-पातळीची अट काढा. प्रणाली ९९ टक्के वेळ सुरू राहिली पाहिजे, नाहीतर देयकातून कपात, अशा प्रकारची अट तिथे असते. पण चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने चुकीचा माणूस दाखवला तर कपात आहे का? नसेल, तर सार्वजनिक पैशाने यंत्र चालू राहण्याची हमी विकत घेतली, बरोबर चालण्याची नाही. माझ्या मते संशोधनाचा गाभा हाच. त्यानंतर स्वीकृती चाचणी कोणी आणि कोणत्या माहितीवर घेतली, करार संपल्यावर माहिती परत मिळणार का, पुरवठादार ती दुसरीकडे वापरू शकतो का, महालेखापरीक्षकांना प्रणाली तपासायचा हक्क आहे का, निर्णयावर माणसाची नजर कुठे आहे, हे पाहा. खर्चाची फोडही करा. समजा कार्यादेश १० कोटींचा आहे आणि त्यात कॅमेरे व सर्व्हर ६ कोटी, परवाने २ कोटी, पाच वर्षांची देखभाल २ कोटी. मग ‘१० कोटींचा एआय’ हे विधान खोटं ठरतं.

जे प्रसिद्ध झालेलं नाही ते माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो, शुल्क १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानाला २ रुपये. मजकूर असा ठेवा:

‘अमुक प्रणालीसंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: १) कार्यादेश व करारनामा, सर्व जोडपत्रांसह, २) स्वीकृती चाचणीचा अहवाल, ३) आजवर अदा केलेली देयके व केलेली कपात, ४) ज्या लेखाशीर्षातून खर्च झाला त्याचा तपशील. काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित प्रत द्यावी.’

‘प्रणाली योग्य आहे का’, ‘का घेतली’ असे प्रश्न घालू नका. माहिती म्हणजे नोंद, मत नव्हे, असं उत्तर येतं आणि तीस दिवस वाया जातात.

नकार बहुधा तीन वाटांनी येतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) खाली व्यापारी गुपित सांगितलं तर अल्गोरिदम आणि किंमत वेगळे करा: सोर्स कोड मागितलेला नाही, सरकारने मोजलेली रक्कम मागितली आहे, असं अपिलात लिहा. वैयक्तिक माहितीचं कारण आलं तर लक्षात ठेवा की डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) मधला सार्वजनिक हिताचा अपवाद काढला आहे, मात्र सार्वजनिक हित वरचढ असेल तर माहिती देऊ देणारं ८(२) कायम आहे, युक्तिवाद त्यावर उभा करा. पोलीस असल्याने माहिती देत नाही असं सांगितलं तर कलम २४(४) खालच्या अधिसूचनेची प्रत मागा. सूट अधिसूचनेत नाव असलेल्या संस्थेलाच आहे, आणि तिथेही भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती सुटत नाही.

प्रथम अपील तीस दिवसांत, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्याचा निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. त्यासोबत मूळ अर्ज, पोच, उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश यांच्या प्रती क्रमाने लावा. शासन निर्णयाची प्रत वर ठेवा, म्हणजे पैसा सार्वजनिक आहे हे पहिल्याच पानावर दिसेल.