मँगो मूस केक: दोन दिवस आधीपासूनची तयारी

खाली स्पंज, त्यावर आंब्याचा रस आणि फेटलेल्या क्रीमचा हलका मूस आणि वर पातळ जेली असा हा केक रविवारी संध्याकाळी कापायचा असेल तर तयारी शुक्रवारी रात्री सुरू होते. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम फ्रोझन मिळतं. ते त्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सावकाश सुटेल. हे क्रीम आधीच गोड असतं, त्यामुळे पुढे दिलेली मूसमधली साखर वगळायची. डेअरी क्रीम घेणार असाल तर पाकिटावर फॅट 35 टक्के किंवा जास्त आहे ना, ते बघा. भाजीत घालायचं 25 टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही.

शनिवारी सकाळी स्पंज भाजून पूर्ण गार करा. केक बसवायची बिनतळाची रिंग 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच असेल तर स्पंजची चकती 16 सेंटिमीटरची, एक सेंटिमीटर जाडीची कापा. ती कडेपासून आत राहिली की मूस चारी बाजूंनी खाली उतरतो आणि स्पंज बाहेरून दिसत नाही. रिंगला आतून लावायची अ‍ॅसिटेटची (पारदर्शक प्लास्टिकची) पट्टी 58 सेंटिमीटर लांब लागेल. रिंग केकबोर्डवर ठेवून फ्रिजच्या कप्प्यात नीट मावते का आणि कप्पा सपाट आहे का, हे रिकामी असतानाच पाहून घ्या. कप्पा कलता असेल तर वरची जेलीही कलती बसते.

आता वजनं. मूससाठी हापूसचा गाळलेला रस 350 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, लिंबाचा रस एक चमचा, क्रीम 300 ग्रॅम, मूस घट्ट बसवणारी जिलेटिन पावडर 10 ग्रॅम आणि ती भिजवायला गार पाणी 60 ग्रॅम. वरच्या जेलीसाठी रस 100 ग्रॅम, साखर 20 ग्रॅम, जिलेटिन 3 ग्रॅम, पाणी 18 ग्रॅम. डब्यातला रस आधीच गोड असतो, तेव्हा चाखून साखर कमी करा. सगळं वाट्यांमध्ये मोजून ओट्यावर मांडलेलं हवं, कारण जिलेटिन वितळलं की नंतर काही शोधायला वेळ मिळत नाही. आंब्याऐवजी अननस, पपई किंवा किवी वापरणार असाल तर रस उकळून गार करूनच घ्या. कच्च्या रसातली एन्झाइम्स जिलेटिन तोडतात आणि मूस सेट होत नाही.

जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे बऱ्याच घरांत चालत नाही. पाहुण्यांना आधी विचारा. त्याऐवजी चायना ग्रास सुचवला जातो, पण मूससाठी तो त्रासदायक आहे. साधारण 35 ते 40 अंशांनाच तो गोठू लागतो, म्हणजे गार क्रीम मिसळताक्षणी गुठळ्या. त्यापेक्षा साखर वगळून 250 ग्रॅम व्हाइट चॉकलेट गरम रसात वितळवा. मूस थोडा मऊ राहतो, म्हणून तो फ्रीझरमध्ये कडक करून रिंग काढा.

शनिवारी संध्याकाळी जिलेटिन पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटं भिजवा. तोवर क्रीम गार भांड्यात फेटा आणि बीटर उचलल्यावर टोक वाकतंय तेवढ्यावरच थांबा. घट्ट फेटलेलं क्रीम रसात एकजीव होत नाही, मूस रवाळ लागतो आणि कडेला पोकळ्या राहतात. थोडा रस साखरेसह गरम करून त्यात जिलेटिन विरघळवा. उकळू नका, पकड कमी होते. मग उरलेला रस आणि लिंबू घाला. सगळ्यात जास्त केक बिघडतात ते पुढच्या पायरीला. मिश्रण 25 ते 30 अंशांवर आलं की आधी एक तृतीयांश क्रीम, मग उरलेलं हलक्या हाताने मिसळा. जास्त गरम असेल तर क्रीम वितळून मूस पातळ होतो. फार गार असेल तर जिलेटिनचे धागे होतात. थर्मामीटर नसेल तर बोटाला ना गरम ना गार लागेपर्यंत थांबा. स्पंजवर साखरपाणी शिंपडून मूस ओता, वर जेलीसाठी अर्धा सेंटिमीटर जागा सोडा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

रविवारी सकाळी जेली मुसासारखीच, क्रीमशिवाय करा. ती 30 अंशांच्या आसपास आली की चमच्याच्या पाठीवरून ओता. गरम ओतली तर खालचा मूस वितळून वर येतो आणि पृष्ठभाग गढूळ दिसतो. जेलीला दोन तास द्या.

रिंग काढायला बाहेरून गरम पाण्यात पिळलेलं फडकं काही सेकंद फिरवा, मग पट्टी सोलून काढा. आंब्याच्या फोडी, पिस्त्याचे काप, क्रीमची फुलं, जे हवं ते एका बाजूला मांडा. पूर्ण माथा भरला की पिवळी चकाकी झाकली जाते. फोडींना पाणी सुटतं, म्हणून त्या अगदी शेवटी. मे महिन्यात खोली 33-34 अंशांवर असते आणि जिलेटिन तिथेच सैल पडतं, तेव्हा फोटो, मेणबत्ती, कापणं हे सगळं केक बाहेर आल्यावर पंधरा मिनिटांत उरकावं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक तुकड्याला पुन्हा तसंच.