जुनी जीप घरी उघडताय? क्लचपासून चाकापर्यंत या चुका टाळा

खान्देशात जुनी जीप अजून भंगारात गेलेली नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या चढांवर, रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत महिंद्राच्या सीजे आणि एमएम ५४० या जीप आजही कामाला जुंपलेल्या दिसतात. या गाड्या घरी उघडणं शक्य आहे, कारण खाली शिरायला जागा आहे आणि बहुतेक नट साध्या पान्याने सुटतात. पण क्लचपासून चाकापर्यंतच्या कामात बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच पाना लावला जातो. मागून घरघर आली की थेट हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधलं, गिअर असलेलं लोखंडी घर) उघडायचं, आणि शेवटी दोष निघतो चाकाच्या बेअरिंगचा.

हँडब्रेकवर भरवसा

ही चूक जीवावर बेतते, म्हणून आधी हीच. जुन्या सीजे जातीच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या (तिथून जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) तोंडाशी असतो. म्हणजे मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक आणि चाकं यांचा संबंधच संपला. गाडी गिअरमध्ये ठेवली असली तरी तीच गत. एक मागचं चाक जॅकवर उचललं तरी धोका आहे: शाफ्ट जागेवर अडलेला असला तरी डिफ्रन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे हाउसिंगमधले गिअर) उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकतं. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नव्हे, लाकडी ठोकळे लावा आणि चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) द्या. काळ्या मातीच्या अंगणात घोडीखाली जाड फळी हवीच, नाहीतर एक पाय रुततो आणि गाडी तिरकी होते.

आवाज न ओळखता उघडणं

गाडी चालवूनच अर्धं निदान होतं. गिअर टाकून क्लच सोडताना ‘टक्’ आवाज आला तर पहिला संशय क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा). ठरावीक वेगाला अंग थरथरत असेल तर शाफ्टवर. ॲक्सिलरेटर दाबला की घरघर आणि सोडला की गप्प, किंवा याच्या उलट, तर पिनियनकडे (शाफ्टने फिरणारा हाउसिंगमधला छोटा गिअर) बघा. घरघर सतत आहे पण वळणावर कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवी बाजू आधी तपासा.

मग गाडी बंद, न्यूट्रल, ठोकळे लावलेले, आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. शाफ्ट थोडा फिरणारच, तो सगळ्या दात्यांचा मिळून प्ले असतो आणि जुन्या गाडीत तो असतोच. बघायचं ते क्रॉस आणि त्याचा योक (क्रॉसला धरणारा दोन बोटांचा चिमटा) एकमेकांत हलतात का. हलले तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली तर पिळून बघायचीही गरज नाही, आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात.

क्रॉस हातोड्याने ठोकणं

घरच्या कामात सगळ्यात जास्त बिघडतो तो हाच भाग, म्हणून जरा थांबून सांगतो. नव्या कपाच्या आत बारीक सुया कडेने उभ्या असतात, त्यांना जागेवर धरतं फक्त ग्रीस. कप हातोड्याने ठोकला की एखादी सुई आडवी पडून तळाशी जाते. मग कप पूर्ण आत बसत नाही आणि सर्कलिपच्या (कप अडवणारी स्प्रिंगची रिंग) खाचेला केसभर जागा कमी पडते. इथे लोक आणखी जोरात ठोकतात. तसं करू नका. सर्कलिप बसत नाही म्हणजे सुई पडली असं धरून चाला, कप काढा, सुया पुन्हा ग्रीसमध्ये लावा. कप व्हाइसमध्ये दाबून, समोरासमोर, क्रॉसचा खांब आत राहील असा बसवा. बसल्यावर क्रॉस बोटाने चारही बाजूंना फिरला पाहिजे. अडखळला तर योकवर तांब्याच्या हातोडीची हलकी टिचकी पुरते. ग्रीस चारही कपांतून बाहेर दिसेपर्यंत मारा. तीनच बाजूंनी आलं तर चौथा कप उपाशी आहे.

दुसरी गोष्ट शाफ्टच्या सरकत्या जोडाची. सोडण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करा. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच रेषेत असावे लागतात. स्प्लाइनचा (सरकत्या जोडावरच्या उभ्या खाचा) एक दाता चुकला तरी रेषा मोडते, गाडी थरथरते, आणि माणूस नवे क्रॉस, नवे रबर माउंट बदलत बसतो.

सील बदललं, गळती तशीच

हाउसिंगच्या वर एक बारीकसं ब्रीदर असतं. गाडी चालून तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. काळी माती त्यात बसते. महिनोन्महिने उभ्या गाडीत कुंभारीण माशीही घर करते. वाट बंद झाली की दाब ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलतो. नवं सील टाका, तेही गळणार. ब्रीदरमध्ये तार घालून बघायला पैसे लागत नाहीत, तरी ते कुणी करत नाही.

याच्या उलटंही होतं. तापलेली गाडी अनेर किंवा पांझरेच्या पाण्यात घातली की हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. पावसाळ्यात नदी-नाल्यातून गेलेल्या गाडीचं तेल बघाच. दुधाळ दिसलं तर टॉपअप करू नका, सगळं काढा.

तेल काढताना आधी भरायचा वरचा प्लग सुटतो का ते बघा, मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि तेल आधीच सोडलं असेल, तर गाडी तिथेच उभी. हाउसिंगमध्ये जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, पण पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या रिंगा) असलेल्या गिअरबॉक्सला ते सोसत नाही, तिथे जीएल-४ बरं. ‘नव्वद नंबर’ (तेलाच्या दाटपणाचा आकडा) एवढंच मागितलं तर दुकानदार हातात येईल तो डबा देतो, तेव्हा डब्यावर बघा.

क्लच आणि फोर व्हील

क्लच घसरतोय म्हणून प्लेट काढण्याआधी पेडलचा मोकळा प्ले मोजा. साधारण २५ मिलिमीटर असावा. तो शून्यावर आला असेल तर चांगली प्लेटही घसरते. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर लटकू देऊ नका, हब वाकतो. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुणं म्हणजे आतलं ग्रीस घालवणं.

फोर व्हीलचा लिव्हर पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत? दोन्ही लॉकिंग हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे चाकावरचे खटके) तपासा. एक मोकळा राहिला की सगळा जोर तिकडेच वाया जातो. डांबरावर फोर व्हील लावून चालवली आणि मग लिव्हर निघेना, तर ठोकू नका. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफ्रन्शियल नसल्यामुळे शाफ्ट पिळून बसलेत. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, लिव्हर आपोआप मोकळा होतो.

जे घरी करू नये

क्राऊन-पिनियन (हाउसिंगमधला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा). ती जोडीनेच बदलतात, कारण त्यांचे दाते एकमेकांशी जुळवून घासलेले असतात. शिमची (मधे घालायच्या पातळ चकत्या) जाडी आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी जागा) डायल गेजशिवाय बसत नाही. ‘अंदाजाने बसवतो भो’ म्हणणाऱ्या मिस्तरीकडेही देऊ नका. पिनियनचं नुसतं सील बदलायचं असेल तर नट सोडण्याआधी नट, पिनियनचा दांडा आणि योक तिघांवर एका रेषेत खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा आणि परत तिथेच आणा. जास्त आवळला तर बेअरिंगवर भार चढतो.

सगळं जोडल्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही हबजवळ सांभाळून हात न्या. एखादा इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंगचा नट जास्त आवळलाय. घरी येऊन शाफ्टचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.