नवीन हॉटेल टाकताय? उद्घाटनाचा नाही, तीन महिन्यांचा प्लॅन करा

आपल्याकडे जळगाव काय, धुळे काय, नंदुरबार काय, नवीन हॉटेल निघालं की सगळा पैसा उद्घाटनात जातो. चौकात फ्लेक्स, ढोल-ताशे, पहिल्या दिवशी अर्ध्या भावात थाळी, आणि महिन्याभरात दुपारची टेबलं रिकामी. म्हणून जाहिरातीचं जे काही बजेट असेल ते आधीच तीन महिन्यांत वाटून घ्या, आणि मोठा हिस्सा उद्घाटनानंतरसाठी ठेवा.

पहिलं काम, जागेसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत एक दिवस बसा अन कोण जातंय-येतंय ते वहीत लिहा. हायवेला असाल तर पार्किंग आणि स्वच्छ बाथरूम आहे हे बोर्डावर लांबूनच वाचता आलं पाहिजे, कॉलेजजवळ असाल तर कमी पैशात पोट भरेल असं काहीतरी हवं, कोर्ट-कचेरीजवळ असाल तर झटपट मिळणारी थाळी. मेनू, भाव, बोर्ड सगळं यावरूनच ठरतं.

मग नाव व्हावं असा एकच पदार्थ धरा. शेवभाजी इथं घरोघरी होते, त्यामुळे नुसतं "स्पेशल शेवभाजी" लिहून कोणी येत नाही भो. काय वेगळं आहे ते सांगा, काळा मसाला आम्हीच भाजून कुटतो, शेव वाढताना टाकतो म्हणून तिचा लगदा होत नाही, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी गरम तव्यावरून. भरीत ठेवणार असाल तर गोष्ट वांग्यापासूनच सुरू होते, जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी आणत असाल तर ठळक लिहा, आणत नसाल तर अजिबात लिहू नका, इथलं गिऱ्हाईक पहिल्या घासात ओळखतं. वांगी काड्यांवर भाजताना, मग लाकडी मुसळीनं ठेचताना मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, गाणंबिणं नको, ठेचण्याचा आवाज राहू द्या. असं रील महागड्या फोटोशूटपेक्षा जास्त चालतं असं माझं मत आहे.

गुगल मॅपवर हॉटेल फुकटात टाकता येतं, ते उद्घाटनाआधीच करा कारण व्हेरिफिकेशनला वेळ लागू शकतो. वेळ, फोन नंबर, मेनूकार्डाचा स्पष्ट फोटो टाका आणि वाईट रिव्ह्यूलाही नीट उत्तर द्या. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एका वेळी अनेकांना पाठवायची यादी, करणार असाल तर एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, एका लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून बिल देतानाच म्हणा, "दादा, नंबर सेव्ह करून घ्या, भरीत कधी आहे ते कळवत जाऊ". रोज मेसेज मात्र टाकू नका.

कॅलेंडर समोर ठेवा. श्रावणात नॉनव्हेजचा खप बसतो, तेव्हा फौजदारी डाळ, वरण-बट्टी पुढे आणा. थंडीत भरीत पार्टीच्या ऑर्डरी, कापसाचा पैसा हातात आला की फॅमिली गिऱ्हाईक वाढतं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आलेल्या असतात तेव्हा पुरणाच्या मांड्यांची आगाऊ बुकिंग घ्या, आणि लग्नसराईत हळदीच्या जेवणासाठी आजूबाजूच्या गावांतल्या आचारी, मंडपवाल्यांना आधीच भेटून ठेवा.

आणि गल्ल्यावर एक वही, प्रत्येकाला विचारायचं कुठून कळलं, फ्लेक्स, रील, मॅप की कोणी सांगितलं, आणि त्यापुढे एक रेघ मारायची. महिनाअखेरीला रेघा मोजा, ज्यातून माणसं आली नाहीत त्याचे पैसे पुढच्या महिन्यात बंद.